शिंपला थोर की जेलीफिश

माझा भाऊ आणि मी आयुष्यभर भांडलो. लहानपणी कैरीवरून, झोपायच्या जागेवरून, आईच्या पाठीशी कोण बसणार यावरून. मोठेपणी मात्र एकच भांडण उरलं होतं, नदीतला शिंपला थोर की समुद्रातली जेलीफिश. तो जेलीफिशच्या बाजूने, मी शिंपल्याच्या. मी शाळेत विज्ञान शिकवते, तो बोटीवर खलाशी. दोघंही चांगली वाढलेली माणसं. पण या भांडणात दोघांची अक्कल चौथीच्या पुढे जात नसे. आता तो नाही आणि भांडण अर्धवट राहिलंय. दोघांपैकी एक गेला की भांडणाचं काय करायचं असतं, हे मला कोणी शिकवलं नाही.

आमचा पाडा तलासरीच्या पूर्वेला, डोंगराकडे. समुद्र आमच्याकडे यायचा तो आठवडी बाजारात, सुक्या बोंबलाच्या वाट्यात. आमची खरी ओळख नदीशी. उन्हाळ्यात पाणी गुडघ्याच्या खाली आलं की आई आम्हाला घेऊन शिंपले काढायला उतरायची. डोळ्यांचं काम नसतं त्यात. पायाने चिखल चाचपत जायचं, अंगठ्याला कडक धार लागली की वाकायचं. शिंपला जरासा उघडा असतो, हात लागला की मिटतो आणि मग काही केल्या उघडत नाही. उकळत्या पाण्यापुढे मात्र त्याचं काही चालत नाही. कैरी आणि लाल मिरची घालून आई जे शिंपले करायची, ते खाताना आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नसू. तेवढीच काय ती शांतता.

शिंपल्याचं आमच्याकडे आणखी एक काम असतं. घरात मूल झालं की घरातली म्हातारी बाई नदीवर जाऊन एक शिंपला आणते, त्याची कड दगडावर घासून मऊ करते, आणि त्या शिंपल्याने मुलाला घुटी, पेज, तापातलं औषध पाजतात. एका मुलाचा शिंपला दुसऱ्याला वापरत नाहीत. मूल जेवायला लागलं की तो धुऊन कुडाच्या भिंतीत, कणगीच्या वर खोचून ठेवतात. माझा शिंपला माझ्या भावाने कैरी सोलताना मोडला. त्याचा स्वतःचा मात्र धड राहिला, भिंतीत, त्याच्या कपाळासारखा रुंद. आई म्हणायची, हा लहानपणी सारखा तापाने फणफणायचा, तेव्हा ह्याच शिंपल्याने थेंब थेंब औषध पाजून जगवला. मी म्हणायची, जगवलास म्हणूनच माझा मोडला त्याने.

जेलीफिश आमच्या घरात आली ती माझ्यामुळे. सरावलीजवळ शाळेत नोकरी लागली, खोली घेतली, आणि पहिल्याच सुट्टीत आई आणि भाऊ यांना चिखले गावच्या किनाऱ्यावर नेलं. आईने तोवर समुद्र पाहिला नव्हता. सुरूच्या झाडांतून बाहेर आल्यावर ती थोडा वेळ उभी राहिली, मग म्हणाली, "पलीकडचा काठ कवा दिसतो?" मी सांगितलं, दिसत नाही. तिला ते पटलं नाही. पुढची सगळी संध्याकाळ ती मधूनच डोळे बारीक करून पाहत होती.

भरती उतरलेली. वाळूवर एक मोठा पांढुरका गोळा पडला होता, परातीएवढा, कडेला जांभळट.

"कोणाचा पेजेचा भांडा कलंडला गो इथं?" आई म्हणाली.

मी लगेच शाळेतली बाई झाले. सांगितलं की ही जेलीफिश, ही जनावरच आहे, पण हिला हाड नाही, रक्त नाही, मेंदू नाही, काळीज नाही. नुसतं पाणी आणि त्यावर पातळ कातडं. पोहते थोडीफार, पण जायचं कुठे ते पाणी ठरवतं. भाऊ सुरूची काटकी घेऊन तिला टोचत होता. आई वाकून बघत होती.

"काळीजच नाय तर ह्याला मेला कसा म्हणायचा?" तिने विचारलं.

आईने बाजूची पडलेली झावळी उचलली आणि त्या गोळ्याला पाण्याकडे ढकलायला लागली. "पाण्याचा हाय, पाण्यात जाऊ दे." अर्ध्या वाटेत तो फाटला. तिने फाटलेले दोन्ही भाग ढकलले.

भाऊ परतीच्या वाटेवर गप्प होता, म्हणजे नक्की काहीतरी शिजत होतं. मॅजिक गाडीत बसल्यावर म्हणाला, "बाय, डोका नाय, काळीज नाय, तरी केवढी मोठी झाली. तिच्यासारखा सुख कोणाला नाय. आपला शिंपला बघ, जन्मभर चिखलात तोंड खुपसून." मी म्हणाले, शिंपल्याला काळीज आहे. झालं, भांडण सुरू.

पुढे तो बोटीवर गेला. आमच्याकडची पोरं जातातच. भात लावून झालं की इथं हाताला काम नसतं. कोणी वीटभट्टीवर, कोणी चिकूच्या वाडीत, कोणी गुजरातच्या बंदरांवर खलाशी म्हणून. डोंगरातली पोरं ही, नदीत पोहायला शिकलेली. आधी वरोरला एका लहान होडीवर तो काम शिकला. आईला बोंबील आणून द्यायचा आणि वर ऐटीत सांगायचा की हे मी पकडलेत. मग मोठ्या बोटीवर, लांबच्या बंदरात. आईने विरोध केला, मीही केला. तो आमच्या दोघींपेक्षा हट्टी. घरात हट्टाची कणगी कधी रिकामी झाली नाही.

बोट खोल समुद्रात असताना फोन लागत नसे. बंदराला आली की लागायचा. सुट्टीच्या दिवशी मी पाड्यावर असायचे, तेव्हा फोन आवाज मोठा करून कणगीवर ठेवायचो, म्हणजे आईलाही ऐकू जायचं. "केम छो बाय," अशी सुरुवात, कारण गुजराती येते हे दाखवायचं असे. मग आईची चौकशी. मग लगेच जेलीफिश.

"आज जाळ्यात एक आली, कणगीच्या तोंडाएवढी. रंग कसा, जांभळाच्या रसासारखा."

"डोका नाय ना पण तिला."

"तुझ्या शिंपल्याला तरी कुठं हाय?"

हे खरं होतं. शिंपल्याला डोकं नसतं. त्या दिवशी मला माघार घ्यावी लागली, आणि ती त्याने महिनाभर पुरवून वापरली.

दुसऱ्या वेळी त्याने व्हिडिओ लावून हात दाखवला. कोपरापासून मनगटापर्यंत लाल वळ उठले होते. जेलीफिशचे दोरे लागलेले. मी म्हणाले, बिनकाळजाच्या बाईच्या नादी लागलास की असंच होणार. मग मी सांगितलं की ती जिथून खाते तिथूनच घाणही टाकते, तिला दुसरं दारच नाही. तो म्हणाला, "असू दे. तुझ्यासारखी बडबड तरी करत नाय."

एकदा मी त्याला शिंपल्याच्या काळजाची गोष्ट सांगितली. शिंपल्याच्या पोटाची नळी त्याच्या काळजाच्या आतून जाते. खरंच जाते. मी वर्गात सांगते तेव्हा मुलं हसतात. भाऊ हसला नाही. पलीकडे बंदराचा गोंगाट, कोणीतरी बर्फ फोडत होतं. मग म्हणाला, "म्हणजे पोटातला सगळा काळजातून जातो." मी म्हणाले हो. "मंग तो आपल्यातलाच हाय, बाय. आपण काय येगळे?" मला हसू आलं नाही. पोटासाठीच तर तो तिकडे होता.

शिंपल्याची मुलं कशी असतात तेही सांगितलं. बारीक, डोळ्याला न दिसणारी. माशाच्या कल्ल्याला चिकटून फिरतात, नदीभर. मोठी झाली की सुटतात, तळाला बसतात, आणि एकदा बसली की फार लांब जात नाहीत. फिरणं असतं ते लहानपणीच. पाणी आटलं तर खाली चिखलात जाऊन मिटून राहतात, पाण्याची वाट बघत. त्याला ही गोष्ट आवडली. म्हणाला, "मी आता माशाला चिकटलेला पोर समज. यंदा शिमग्याला येन तो बसलोच. मंग मला नदीवरून कोणी हलवायचा नाय."

आई या सगळ्यात कधी बोलली नाही. ती चुलीपाशी काहीतरी करत असायची. ती ऐकते आहे असं मला कधी वाटलंही नाही. आमचं चालू झालं की ती एवढंच म्हणायची, चालू झाली कावकाव.

शेवटचा फोन सुट्टीतल्या दुपारचा, कणगीवर ठेवलेला. बोट माल उतरवायला आली होती. आवाज दमलेला. म्हणाला, यंदा जेलीफिश फार आहेत. जाळं टाकलं की मासळीच्या आधी त्याच भरतात, ओढता ओढवत नाही, जाळी फाटतात. मी म्हणाले, बघ, तुझीच लाडकी. तो म्हणाला, लाडकी कसली, वैरीण झाली. मला वाटलं, आता हा वाकलाय, आताच घाव घालावा. मी माझा राखून ठेवलेला मुद्दा काढला.

"तुझी जेलीफिश मेली की उन्हात दुपारपर्यंत पाणी होते. वाळूवर डागसुद्धा राहत नाही. शिंपला मेला तरी उरतो. हातात धरता येतो. तुझाच बघ, अजून भिंतीत आहे."

"हां," म्हणाला, "ता खरा. शिंपला उरतो. जा, या टायमाला तू जिंकलीस. शिमग्याला आलो का आयेच्या हातचे शिंपले खाऊ." आणि आईला हाक मारून म्हणाला, "आये, कैरी ठेव गो."

मी जिंकले म्हणून दिवसभर खूश होते. मला तो आनंद चांगला आठवतो.

शिमग्याच्या आधीच तांडेल आला. बोटीवरचा म्होरक्या, सोबत दोन खलाशी, आमच्याच भागातले. तांडेल कधी पाड्यावर येत नसतो. माणूस आला नाही आणि तांडेल आला म्हणजे काय, ते अंगणातल्या कोंबड्यांनाही कळलं असेल. आई नाचणी पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही.

त्याने सांगितलं ते असं. जाळं वर येत होतं, आणि त्यात मासळी नव्हती, सगळ्या जेलीफिश, मोठमोठ्या. भाराने बोट एका अंगाला झुकली. भाऊ कठड्यावरून वाकून जाळ्याच्या तळाची गाठ सोडायला गेला, म्हणजे त्या खाली सांडतील आणि बोट सावरेल. दोराला हिसका बसला. जाळं परत पाण्यात गेलं आणि त्याच्याबरोबर तोही. जाळं कापलं, शोधलं, बाकीच्या बोटीही आल्या, सरकारी बोटही आली. काही हाती लागलं नाही. तांडेल चांगला माणूस होता. दिलेलं पाणी त्याने हातात धरून ठेवलं, प्यायला नाही.

मी त्याला विचारलं, "रंग कोणता होता?" तो माझ्याकडे बघत राहिला. मी पुन्हा विचारलं, जेलीफिशचा रंग कोणता होता. "जांभळा," तो म्हणाला. का विचारलं ते मला आजही सांगता येणार नाही. मला रडू आलं नाही, राग आला. समुद्राचा नाही, बोटीचा नाही, त्या बिनडोक्याच्या, बिनकाळजाच्या प्राण्याचा. माझा भाऊ तिच्या बाजूने भांडला होता, वर्षानुवर्षं, माझ्यासारख्या बहिणीशी. तिला ते ठाऊकही नव्हतं. जिला काळीजच नाही तिच्यावर रागावून काय होणार? तरी मी रागावले. अजून रागावलेलीच आहे.

आईने मानलंच नाही. अंग दिसत नाही तोवर माणूस गेला नाही, तिचं म्हणणं. शिमग्याची होळी पेटली, पाड्यावर ढोल वाजला, आमच्या दारात कोणी आलं नाही आणि आम्ही कोणाकडे गेलो नाही. आईने कैऱ्या एका टोपलीत राखून ठेवल्या होत्या. त्या पिकल्या, मग सडल्या, तेव्हा तिने टोपली नदीवर नेऊन धुतली. परत आली आणि मामाला म्हणाली, "कर काय करायचा ता."

मामा, आईचा थोरला भाऊ, पाड्यावर असल्या गोष्टी तोच बघतो. ज्याचं अंग मिळत नाही, त्याचा पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि तो जाळतात. मामाने नदीकाठी बसून तो केला. डोकं, हात, पाय, सगळं पानांचं, सुताने बांधलेलं. आईने त्याच्यावर भावाचा शर्ट घातला. सागाची लाकडं रचली, खऱ्या माणसाला रचतात तशी, कमी नाही. आमच्याकडे बायकाही नदीपर्यंत येतात, म्हणून मी होते. तो पानांचा माणूस फार हलका होता. चौघांनी उचलला, एकाला पुरला असता. मला ते बघवेना.

आग लावायच्या आधी आई पुढे झाली. तिने कमरेच्या ओच्यातून त्याचा शिंपला काढला, घुटीचा, भिंतीतला, आणि पानांच्या छातीवर, शर्टाच्या आत ठेवला.

मी तिचा हात धरला. "आये, तो नको. तेवढाच हाय आपल्याकडं त्याचा."

"पानाची हाडा नसतात," आई म्हणाली. "उद्या नदीत सोडायला काय गावेल? नुसती राख? काहीतरी कडक पायजे."

"आये, नको."

"तूच बोललेलीस ना त्याला. शिंपला मेला तरी उरतो. तो पण हां बोलला."

मी हात सोडला. तिने सगळं ऐकलं होतं, इतकी वर्षं, चुलीपाशी पाठ करून. आमच्या कावकावीतलं एकच वाक्य तिने उचलून ठेवलं होतं, आणि आता मुलाची हाडं म्हणून तेच तिच्या कामाला येणार होतं. तिला काय सांगणार होते मी? मी विज्ञान शिकवते. शिंपला जाळला की त्याचं काय होतं ते मला माहीत आहे. समुद्राकडे शिंपल्यांचे ढीग जाळून चुना करायचे, हे आमच्या नदीवरच्या बाईला कुठून ठाऊक असणार? आमच्याकडे शिंपला उकडतात, जाळत नाही कोणी. पण मामा पेटती चूड घेऊन उभा होता, सगळे बघत होते, आणि आईच्या तोंडावर तांडेल येऊन गेल्यापासून पहिल्यांदा काहीतरी ठरल्यासारखं दिसत होतं. मला वाटलं, जळला नाही तर? लाकडं ओली असतील, तो बाजूला पडेल, राहील. मनापासून वाटलं तसं. मी मागे सरले.

सकाळी राख सावडायला गेलो. वर पांढरी, खाली अजून लाल. मामाने काठीने राख बाजूला केली आणि शिंपला दिसला. अख्खा. पांढराशुभ्र, होता त्याहून पांढरा, तसाच रुंद, कड तशीच घासलेली. आईने तोंडावर हात घेतला. "हाय," ती म्हणाली. "हाय गो, बघ, उरला."

आणि मीसुद्धा, सगळं माहीत असलेली, म्हणाले, "हो आये, उरला."

मामाने रिवाजाप्रमाणे राखेवर दूध-पाणी शिंपडलं. शिंपल्यातून चर्र आवाज आला. मग वाफ. मग तो आमच्या डोळ्यांदेखत फुगला, तडकला, आणि पिठासारखा खाली बसला. क्षणभरापूर्वी होता, आता मूठभर पांढरी भुकटी. मेलेल्या जेलीफिशचं वाळूवर दुपारपर्यंत जे होतं, ते इथे एका श्वासात झालं.

आई खाली बसली आणि तिने ती भुकटी उजव्या हातात उचलली. चुना पाणी पिताना निखाऱ्यासारखा तापतो. मी ओरडले, टाक ते, हात भाजेल. तिने मूठ मिटली. मी तिची बोटं उघडायला लागले, आणि ती उघडेनात. नदीतला शिंपला हात लागल्यावर मिटतो, तशीच. तिच्या कपाळावर घाम आला होता.

"सोड ना गो आये."

"तापलाय," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता. "लहानपणी असाच तापायचा."

तिने तशीच मूठ धरून नदीत पाय घातला, गुडघ्यापर्यंत गेली, मूठ पाण्याखाली नेली आणि मग उघडली. पाणी थोडा वेळ दुधासारखं झालं. मग वाहून गेलं. खालच्या चिखलात शिंपले असतील, मिटलेले, पाण्याची वाट बघणारे. त्यांच्यावरून गेलं असेल.

आता आई कधीकधी माझ्याकडे सरावलीला येऊन राहते. एकदा म्हणाली, समुद्रावर ने. चिखल्याला गेलो. ओहोटी होती, आणि वाळूवर एक जेलीफिश पडलेली, मोठी, जांभळ्या कडेची. मी दुसरीकडे बघायला लागले. मला वाटलं आई तिच्यावर थुंकेल, आणि थुंकली असती तर मला बरं वाटलं असतं. आईने इकडे तिकडे बघून एक झावळी शोधली. जेलीफिशला पाण्यापर्यंत ढकलत नेलं, हळूहळू, या वेळी न फाडता. लाटेने ती उचलली. "त्याला आवडायची ना," आई म्हणाली. तिथे मी रडले, सुरूच्या झाडाला धरून, सगळ्या किनाऱ्यासमोर, लहान मुलीसारखी.

घरी येऊन तिने भाकरी करायला घेतल्या. मी बाजूला बसले. तिच्या उजव्या तळहातावर, मधोमध, भाजल्याचा डाग आहे. कातडी तिथे गुळगुळीत झाली आहे आणि तिच्यावर रेषा नाहीत. पिठाच्या गोळ्यावर ती तो हात दाबत होती. मी बघतेय हे तिच्या लक्षात आलं. तिने हात पाण्यात बुडवून पीठ धुतलं आणि तळवा माझ्यापुढे धरला, दिव्याच्या उजेडात.

"तू बोललीस ता खोटा नाय झाला," ती म्हणाली. "उरलाय बघ."

मग तव्यावरची भाकरी करपायला लागली, म्हणून तिने हात मागे घेतला.